छत्रातील आजारी वाटसरू

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरस्वती महालातील पोथ्या आठवतात, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी लेख आठवतो. परंतु त्या राज्याचे एक कागद असे आहे की, त्यात पराक्रमही नाही आणि काव्यही नाही. १८०१ साली सरफोजी राजांनी कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेले ते एक पत्र आहे. आजारी, अपंग, निराधार माणसाने राज्यापाशी मदत कशी मागावी, आणि राज्याने ती कशी द्यावी, हा प्रश्न आज ज्यांना पडतो त्यांनी हे पत्र अवश्य समजून घ्यावे.

पत्राचा विषय छत्रे हा होता. आपल्याकडे धर्मशाळा आणि अन्नछत्र ही दोन वेगळी ठिकाणे. तंजावरकडील छत्रात ती एकत्र नांदत. काशीची गंगा रामेश्वरास वाहण्यासाठी निघालेला यात्रेकरू कावेरीच्या खोऱ्यातून दक्षिणेस जाई. त्याच्या वाटेवर भोसले घराण्याने, पुष्कळदा राण्यांच्या नावाने, ही छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चास गावे तोडून दिली.

तेथील रीत राजे बारकाईने सांगतात. ब्राह्मणापासून गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न मिळे. जोगी, जंगम, बैरागी कोणीही वर्ज्य नव्हते. (सर्वांचे पान एका पंक्तीत पडे असे मात्र कोणी समजू नये, काळ अठराव्या शतकाचा होता.) मध्यरात्री घंटा वाजवून, अजून कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असा पुकारा होई. प्रत्येक छत्रात शिक्षकांबरोबर वैद्य नेमलेले असत. ते रोग, सूज, विषारी दंश यांवर उपचार करीत. जो तेथे येऊन आजारी पडे, किंवा आजारी होऊनच येई, त्याला औषध आणि पथ्याचे अन्न मिळे, आणि बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा आदराने होई. प्रसूत झालेल्या स्त्रीस तीन महिने राहण्याची मुभा असे. परक्यांची पोरकी मुले छत्रातील पंतोजींच्या हवाली केली जात, आणि चार दिवसांतून एकदा त्यांना तेलाचे अभ्यंग घालीत. हा शेवटचा तपशील मला विशेष वाटतो. पोरक्या पोराच्या डोक्याला तेल लागले की नाही, याची दखल राजा परकीय सत्तेला लिहिलेल्या पत्रात घेतो!

हे सारे लिहिण्याची गरज का पडली? १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती सोपवला होता. त्यांच्याकडे किल्ला, वाडा, ठरलेली नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. छत्रांची गावे कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला, आणि ती आपल्याकडे राहावीत अशी राजांची विनवणी होती. थोडक्यात, हा एक अर्ज आहे. ज्याच्या दारी आजाऱ्याला आजाराचा पुरावा द्यावा लागत नसे, त्याच राजाला आपल्या दानधर्माचा पुरावा कंपनीपुढे मांडावा लागला. पुराव्याचा हा खेळ त्याला नवा नव्हता. तुळजाजी राजे १७८७ साली वारले, तेव्हा सरफोजी दहा वर्षांचा दत्तक मुलगा होता. पंडितांचा अभिप्राय घेऊन ते दत्तविधान अशास्त्रीय ठरवले गेले आणि गादी अमरसिंहास मिळाली. पुढे तेच दत्तविधान शास्त्रशुद्ध ठरले आणि १७९८ साली गादी परत आली. शास्त्र तेच, मुलगाही तोच. बदलले होते ते कागद पाहणाऱ्यांचे मन.

परंतु छत्राच्या आठवणीने फार हळवे होण्याचेही कारण नाही. बरा होईपर्यंत शुश्रूषा, हे वचन तापकऱ्यास पुरेसे होते. ज्याचा आजार बरा होणाराच नव्हता, कधी उठता येते तर कधी महिनामहिना अंथरूण सुटत नाही, त्याचे काय? छत्र वाटेवरचे होते, आणि तो माणूस तर घरातच खिळलेला. शिवाय जे मिळे ते दान होते. नाकारले तर दाद मागण्यास जागा नव्हती. राजांनी धन्वंतरी महाल उभारून रोग्यांवरील उपचारांच्या नोंदी ठेवल्या. नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रे आजही सरस्वती महालात आहेत. पण तेही एका राजाच्या कळकळीवर उभे होते. १८५५ साली दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने सर्वस्व जप्त केले. राणी कामाक्षीबाईंनी खाजगी मालमत्तेसाठी दावा लावला. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, ही राज्यसत्तेची कृती आहे आणि तिच्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही. अन्नदात्यांच्या घरचीच माणसे अर्जदार झाली, आणि त्यांना हक्क असा नव्हताच.

आज हक्क आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. कंपवात, हिमोफिलिया, सिकलसेल यांसारखे दीर्घ आजार त्यात आले. मात्र बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनासाठी घर दारिद्र्यरेषेखालचे असावे लागते आणि अपंगत्व ऐंशी टक्के. केंद्राचा वाटा महिना तीनशे रुपयांचा. सोमवारी चालणारा आणि गुरुवारी न उठणारा रोगी टक्क्यांत बसवायचा कसा, हे ठरवणाऱ्या वैद्यासही सोपे नसते. छत्रात हा हिशेब नव्हता, कारण तेथे हक्कही नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी कोठे मिळाल्याचे इतिहासात मला तरी आढळलेले नाही.

ते पत्र गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८०२ साली, सरफोजींनी तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या नावाने नवे छत्र उभे केले. हत्तीघोडे जुंपलेल्या रथाचा आकार त्याच्या दगडी दर्शनी भागास दिलेला आहे. राज्य हातचे गेल्यावर तीन वर्षांनी बांधलेली ती वास्तू आहे.