आधी पाणी, मग घर: वसईचा जुना प्रश्न आता पालघरच्या दारात

गेले काही महिने पालघरात टपरीवर दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला ‘चौथी मुंबई’ येतेच. कुणी जागेचा भाव सांगतो, कुणी एजंटचा फोन आल्याचं सांगतो. पत्रकार म्हणून मला रोज कुणीतरी विचारतं, “दादा, खरंच होणार का? आणि झालं तर आपल्यासाठी चांगलं की वाईट?”

भविष्य मला सांगता येत नाही. पण विरार इथून तीस-एक किलोमीटरवर आहे. वैतरणा, सफाळे, केळवे रोड मागे टाकत रोज शेकडो पालघरकर तिकडे जातात. आपल्याकडे जे यायचंय ते तिथे पस्तीस वर्षांपूर्वी येऊन गेलंय. म्हणून आज वसई-विरारचा इतिहास लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट आपल्याच नदीवर होतो.

आधी आपल्याकडे काय चाललंय ते थोडक्यात. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. मुख्यालय सिडकोने बांधायचं आणि त्या बदल्यात सरकारने जमीन द्यायची, असं ठरलं. पालघर, कोळगाव, नंडोरे, दापोली, टेंभोडे, मोरेकुरण, शिरगाव या भागातली सुमारे 440 हेक्टर जमीन सिडकोकडे गेली. मुख्यालयाला त्यातली साधारण 103 हेक्टर. उरलेली सुमारे 337 हेक्टर नवनगरासाठी. मुख्यालय ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालं. जून 2024 मध्ये 76,200 कोटींच्या वाढवण बंदराला केंद्राने मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पालघरातच त्याचं भूमिपूजन झालं. विरार-डहाणू चौपदरीकरण, बुलेट ट्रेनचं बोईसर स्टेशन, वडोदरा महामार्ग हे वेगळंच. 2011 च्या जनगणनेत आपल्या पालघर शहराची लोकसंख्या किती होती? 69 हजारांच्या आसपास. म्हणजे येणारं शहर आपल्या शेजारी बसणार नाही, ते आपल्याला मांडीवर घेऊन बसणार आहे.

आता वसई.

वसईचं नाव काढलं की आपल्याला चिमाजी अप्पा आणि 1739 चा किल्ला आठवतो. पण वसईची खरी श्रीमंती किल्ल्यात नव्हती, वाडीत होती. पश्चिम पट्ट्यात केळी, नागवेलीची पानं, भाजी, फुलं. पहाटेच्या लोकलने दादरला जाणाऱ्या टोपल्या. राजेळी केळ्यांची सुकेळी. हे सगळं उभं होतं गोड्या पाण्यावर. समुद्र हाकेच्या अंतरावर असून विहिरींना पाणी गोडं, त्यावर रहाट चालायचे. वाडीत बावखलं असायची, म्हणजे खोदलेली लहान तळी. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटायचं. कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, सगळ्यांना हे गणित शाळेत न जाता ठाऊक होतं. जेवढं मुरतं तेवढंच उपसायचं.

मुंबईत जागा संपत होती. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटलं, चाळीतल्या खोल्या पुरेनाशा झाल्या आणि माणसं लोकलच्या टोकाकडे सरकली. विरारहून मुंबईला लोकल 1867 पासून आहे. त्यामुळे रेल्वे होती, जमीन होती, भाव परवडणारा होता. 1988 च्या सुमारास सरकारने वसई तालुक्यातली मोठी जमीन बांधकामासाठी मोकळी करायचं धोरण घेतलं. त्याविरोधात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तेच, जे 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै 2024 मध्ये गेले.

त्या आंदोलनाबद्दल एक गैरसमज आजही ऐकू येतो. “वसईच्या लोकांना बाहेरचे नको होते.” तसं म्हणणारेही काही असतील. पण आंदोलनाचा मुख्य प्रश्न साधा होता. इतक्या घरांना पाणी कुठून देणार? सरकारकडे त्याचं उत्तर नव्हतं. टँकरवाल्यांकडे होतं. पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींवर पंप बसले, टँकर भरले आणि रेल्वेच्या आजूबाजूला उठलेल्या नव्या इमारतींकडे गेले. वाडीतलं पाणी खारट व्हायला लागलं. आज ‘पर्यावरण’ म्हणून जो विषय चर्चेत येतो, तो तिथल्या शेतकऱ्यासाठी सकाळी पोहऱ्यातून वर येणारं खारट पाणी होता.

ते दिवस सोपे नव्हते. 1989 मध्ये नालासोपारा स्टेशनवर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारलं गेलं, जमिनीच्या वादातून. त्या काळात मोर्चात चालणं म्हणजे नुसती घोषणाबाजी नव्हती.

पण मला दुसरी बाजूही सांगायची आहे, कारण ती आमच्या घरातली आहे. माझी आत्या लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून नालासोपाऱ्याला आली. वन रूम किचन, स्वतःचा संडास. तिला आकाश ठेंगणं झालं होतं. मी सुट्टीत राहायला जायचो. रात्री टँकरचा हॉर्न वाजला की आख्खी बिल्डिंग कळशा, बादल्या, कॅन घेऊन जिन्यातून खाली. आत्या हसून म्हणायची, “घर मिळालं रे, आता पाणी पण येईल.” तिच्या नळाला धड पाणी यायला पंधरा वर्षं गेली. तिचं काय चुकलं? काहीच नाही. वाडीवाल्याचंही काही चुकलं नाही. दोघांना एकाच विहिरीवर आणून भांडायला लावलं, आणि ज्यांनी आणलं ते मधल्या मध्ये पैसे मोजत राहिले.

मग सरकारने नियोजनासाठी कुणाला नेमलं? सिडकोलाच. 1990 मध्ये वसई-विरार उपप्रदेशाचं विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून. विकास आराखडा होता 2001 ते 2021 या वीस वर्षांसाठी. तो मंजूर झाला 2007 मध्ये. पुन्हा वाचा. नेमणूक 1990, मंजुरी 2007. सतरा वर्षं. आराखड्याच्या मुदतीतलीच सहा वर्षं मंजुरीआधी संपलेली. आराखडा येईपर्यंत शहर थांबलं नाही. चाळी उठल्या, इमारती उठल्या, आरक्षणाच्या जागांवर उठल्या. कागदावर बाग, प्रत्यक्षात चार मजले.

3 जुलै 2009 ला चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, “आमची ग्रामपंचायत आम्हाला ठेवा.” तो राग इतका होता की त्याच वर्षी वसईतून जनआंदोलनाचे विवेक पंडित आमदार झाले. 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळायचा निर्णय घेतला, तो कोर्टात अडकला आणि गावं वर्षानुवर्षं लोंबकळत राहिली. त्याच 2011 ला महापालिकेची लोकसंख्या 12 लाख 22 हजार मोजली गेली.

पुढचं तर आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. जुलै 2018 चा पाऊस. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, लोकल बंद, वसईच्या मिठागरात माणसं अडकलेली. पाणी मुरायच्या जागा बुजवल्या की ते घरातच येणार. 2025 च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला 41 इमारती पाडल्या. जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. पैसे भरून घरं घेतलेली माणसं सामान घेऊन रस्त्यावर बसली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 जण गेले. तीही अनधिकृतच.

आता आपल्या नदीकडे या.

वसई-विरारची तहान शेवटी कुणी भागवली? सूर्या नदीने. पेल्हार आणि उसगावची धरणं लहान, दोन्ही मिळून रोज 30 दशलक्ष लिटर. म्हणून सूर्यातून आधी 100 दशलक्ष लिटरची योजना झाली, पुढे आणखी 100 ची. त्यानंतर एमएमआरडीएची 403 दशलक्ष लिटरची योजना आली. त्यात वसई-विरारला 185 आणि मीरा-भाईंदरला 218. सगळं पूर्ण क्षमतेने चाललं तर रोज 603 दशलक्ष लिटर, म्हणजे 60 कोटी लिटर पाणी आपल्या दारावरून दक्षिणेला जाणार.

हे धरण मुळात कशासाठी होतं? शेतीसाठी. डहाणू, विक्रमगड, पालघर तालुक्यांतली चौदा हजार हेक्टरांहून जास्त जमीन भिजवायला. त्यासाठी आदिवासींची गावं उठली. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही म्हणून आजही आंदोलनं होतात. वसईच्या माणसाला पाणी मिळू नये असं मी म्हणत नाही, माझ्या आत्याच्या घरी तेच येतं. पण वसईत 1988 ला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरकारने शेवटी आपल्या शेतकऱ्याच्या कालव्यातून काढलं, हे विसरू नका.

आणि आता पालघरला नवनगर. आपली पालघर आणि 26 गावांची योजनाही मासवणजवळ त्याच सूर्येतून उचलते. तारापूरचे कारखानेही तिच्यावरच. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर हा सरकारी हिशेब धरला, तर एक लाख नव्या माणसांना रोज साडेतेरा दशलक्ष लिटर लागतील. दहा लाखांना 135. वसईला पाणी कमी पडलं तेव्हा पालघरकडे बघितलं गेलं. पालघरला कमी पडेल तेव्हा कुणाकडे बघणार? आपल्या उत्तरेला दुसरी सूर्या नाही.

मी नवनगराच्या विरोधात नाही. आपली पोरं नोकरीसाठी चार-चार तास लोकलमध्ये काढतात. इथे काम आलं, चांगलं हॉस्पिटल आलं तर मला आनंदच आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. वसईत घर आधी आलं, मग माणूस, मग टँकर, मग आराखडा आणि सगळ्यात शेवटी नळ. आपल्याकडे उलटा क्रम लावून घेता येईल, पण आत्ताच. बुकिंगचे बोर्ड लागल्यावर नाही.

म्हणून तीन गोष्टी मागूया. एक, नव्या वसाहतीचं पाणी कोणत्या स्रोतातून, रोज किती आणि कोणत्या वर्षी, हे बांधकाम परवानगीच्या आधी जाहीर करा. त्यात शेतीच्या वाट्यातलं किती, तेही लिहा. दोन, सांडपाणी, कचरा आणि पावसाच्या पाण्याच्या वाटेसाठीच्या जागांना आधी कुंपण घाला. 41 इमारती अशाच मोकळ्या आरक्षणावर उठल्या होत्या. तीन, गावं कुणाच्या हद्दीत जाणार हे ग्रामसभेत विचारून ठरवा, नाहीतर 29 गावांसारखे आपणही कोर्टाच्या तारखा मोजत बसू.

वसईच्या लोकांनी खूप काही गमावलं, पण पश्चिमेचा जो हिरवा पट्टा आज शिल्लक आहे तो मोर्चे निघाले म्हणून शिल्लक आहे. केळव्या-माहीमच्या पानवेलींकडे बघताना मला ते आठवतं.

प्रारूप आराखडा आला की हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते. नोटीस पेपरात बारीक अक्षरात येते आणि आपण ती वाचत नाही. या वेळी वाचा. माझ्या नजरेला पडली की मी इथे टाकीनच. हरकत तोंडी सांगू नका, लेखी द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.