सर (२०१८ चित्रपट)

सर हा रोहेना गेरा यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला २०१८ सालचा चित्रपट आहे. मुंबईतील एका श्रीमंत घरात राहून काम करणारी तरुण विधवा आणि तिचा मालक यांच्यातील वाढत्या जवळिकीची व तिच्या आड येणाऱ्या वर्गभेदाची ही कथा आहे. भारतात तो 'इज लव्ह इनफ? सर' या नावाने प्रदर्शित झाला. संवाद मुख्यतः हिंदीत असून रत्ना आपल्या माणसांशी मराठीत बोलते.

कथानक

लग्न मोडल्यामुळे अश्विन (विवेक गोम्बर) फ्लॅटमध्ये एकटाच उरतो. गावी गेलेली रत्ना (तिलोत्तमा शोम) कामावर परतते. वैधव्यामुळे गावात वर्ज्य असलेल्या बांगड्या ती मुंबईच्या वाटेवर हातात चढवते. धाकट्या बहिणीचे शिक्षण तिच्याच पगारावर चालते आणि तिला स्वतःला फॅशन डिझायनर व्हायचे आहे. दुपारी शिवणकाम शिकायला जाण्यासाठी ती अश्विनची परवानगी मागते; पुढे तो तिला शिलाई मशीन भेट देतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत दोघांतील अंतर मिटल्यासारखे वाटते, पण रत्ना लवकरच नोकरी सोडते.

मालक-नोकर संबंधांचे चित्रण

नालासोपारा-विरारहून लोकलने येऊन संध्याकाळी परतणाऱ्या घरकामगार स्त्रीचा मालकाशी संबंध ठरावीक तासांपुरता असतो. रत्नाला ती सुटका नाही. स्वयंपाकघरालगतची तिची लहानशी खोली आणि अश्विनची खोली यांच्यामध्ये फक्त भिंती आहेत, आणि कॅमेरा त्या भिंतींच्या दोन्ही बाजू वारंवार एकाच चौकटीत आणतो. ती जमिनीवर बसून जेवते, तो टेबलाशी. या घरात मारहाण नाही, उपासमार नाही; अश्विन सौजन्याने वागतो. त्यामुळेच ताण अधिक जाणवतो, कारण भेद पाळण्यासाठी कुणाला दुष्ट असावे लागत नाही. कपड्यांच्या महागड्या दुकानात पाऊल टाकताच रत्नाला हाकलले जाते. पार्टीत तिच्या हातून पाहुणीच्या कपड्यांवर पेय सांडते तेव्हा होणारा अपमान तिने गिळावा अशीच अपेक्षा असते.

शीर्षकातील संबोधन हा चित्रपटाचा कणा आहे. अश्विनला ती हाक नकोशी होते, पण रत्नाच्या तोंडून ती सुटत नाही. त्याच्या प्रेमाची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल, लोक आपल्याला 'ठेवलेली बाई' समजतील, हे तिला त्याच्याआधी कळते. म्हणून नकार तिचा असतो. अश्विनच्या ओळखीतून तिला एका डिझायनरकडे काम मिळते. शेवटच्या प्रसंगात, फोनवर, ती त्याला प्रथमच नावाने हाक मारते. तोवर ती त्याची नोकर राहिलेली नसते.

शेजारी काम करणाऱ्या लक्ष्मीची भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी केली आहे. त्या व गोम्बर यापूर्वी 'कोर्ट' या मराठी चित्रपटात होते.

प्रदर्शन व पुरस्कार

मे २०१८ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात हा चित्रपट प्रथम दाखवला गेला व तेथे त्याला गान फाउंडेशन पुरस्कार मिळाला. कोविड-१९ साथीमुळे भारतातील प्रदर्शन लांबून ते १३ नोव्हेंबर २०२० रोजी झाले. २०२१ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत गेरा यांना सर्वोत्कृष्ट पटकथेचा, तर शोम यांना समीक्षकांच्या पसंतीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.