पोर गप का आहे?

माझी आजी लालबागच्या चाळीत राहायची आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. तान्हं मूल असलेल्या कुणाच्याही घरी गेली की ती आधी पाळण्यात वाकून बघे. बाळ झोपलेलं असलं तर विचारे, "कधीपासून झोपलंय?" बाकीच्या बायका "गुणाचं आहे हो, रडत नाही" म्हणून कौतुक करायच्या. आजी मात्र त्याच्या पायाला हळूच चिमटा घेऊन ते हलतं का ते पाही. आयांना राग यायचा. मला लाज वाटायची.

त्यामागचं कारण मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. आजीचं पहिलं मूल आठ महिन्यांचं होऊन गेलं होतं. साल 1929च्या सुमाराचं. पहाटे भोंगा व्हायच्या आत ती त्याला बाळागोळी चाटवायची आणि शेजारच्या म्हातारीकडे ठेवून जायची. म्हातारी चार-पाच पोरं सांभाळत असे, पोरामागे थोडे पैसे घेऊन. त्या गोळीत अफू असे. तेव्हाच्या कायद्याने बाईला दिवसाला अकरा तास कामाला ठेवता येत होतं. त्यात जाणं-येणं धरलं की आई उजेडात घरी नसेच.

पोर अफूने गेलं की आणखी कशाने, हे आजीला कधीच कळलं नाही. "रडायचं बंद झालं होतं त्याचं," एवढंच ती सांगायची.

ही तिच्या एकटीची चूक नव्हती, हे मला पुढे वाचनातून कळलं. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या डॉक्टरबाई नेमल्या होत्या. गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरातल्या 98 जणांना अफू दिली जाते, असं त्यांनी 1922 साली नोंदवलं. हा आकडा वाचला त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. तोवर मी मनात, कबूल करायला हवं, आजीला थोडा दोष देत होते. शंभरातल्या 98 आया अडाणी किंवा निष्ठुर नसतात. अफूने मूल झोपतं, त्याची भूक मरते, ते दूध मागत नाही, आणि एका खोलीत पाच पोरं सांभाळणाऱ्या म्हातारीचं काम निभतं. मूल दिवसेंदिवस वाळत जातं, पण आवाज करत नाही.

त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. बाळंतपणाच्या भत्त्याचा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांतात 1929 साली झाला. 1931 साली कामगारांची स्थिती तपासणाऱ्या व्हिटली कमिशनचा अहवाल आला. त्यातही अफूचा विषय होता आणि गिरण्यांत पाळणाघरं असावीत असा आग्रह होता. 1934च्या फॅक्टरी कायद्याने प्रांतांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला. काही गिरण्यांनी त्याआधीच खोल्या काढल्या होत्या.

माझी आई 1936चा जन्म. ती अशाच एका खोलीत वाढली. सुरुवातीला बायका तिथे मुलं आणायला नाखूश असत, असं आजी सांगे. पहाटेच्या गर्दीत तान्हं घेऊन चालायचं, कुणाकुणाची पोरं एकत्र, एकाला गोवर आला की सगळ्यांना. पण आजी हट्टाने नेत राहिली, कारण जेवणाच्या सुट्टीत तिला आत जाता येई. बाळाला पाजता येई, अंगाला हात लावून बघता येई. पाळण्याची चादर मळकी होती की पांढरी, याबद्दल ती कधी काही बोलली नाही. "दार उघडं होतं," हे मात्र ती दर वेळी सांगे.

1948च्या फॅक्टरी कायद्यात हे सगळं पक्कं झालं. पन्नासाहून जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. ती हवेशीर, उजेडाची, स्वच्छ हवी आणि मुलं सांभाळण्याचं शिक्षण घेतलेल्या बाईच्या ताब्यात हवी. आईला मधून मधून येऊन पाजता आलं पाहिजे. 1976 साली पन्नासाचा आकडा तीसवर आला. पण तोवर गिरण्यांतून बायकाच कमी होत गेल्या होत्या. कायदा आला तेव्हा त्याची गरज असणाऱ्या बायका दुसरीकडे, इमारतींच्या बांधकामांवर पाट्या वाहत होत्या. त्यांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत 'मोबाइल क्रेश' सुरू केलं आणि 1972मध्ये ते मुंबईत आलं. एका साइटचं काम संपलं की पाळणाघर बायकांबरोबर पुढच्या साइटवर जायचं. बांधकामाच्या कामगारांसाठी तशी कायदेशीर तरतूद व्हायला 1996 उजाडलं.

याच इतिहासात ताराबाई मोडकांचं नाव मी मुद्दाम घेते, जरी त्यांचं काम शिक्षणाचं म्हणून सांगितलं जातं. 1945 साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ स्वतः पाड्यांवर गेल्या आणि आदिवासींच्या अंगणातच मुलांना जमवलं. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. मुलांना अंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची, पानं आणि शिंपल्यांशी खेळू द्यायचं. मूल गप बसवणं हे सांभाळणाऱ्या बाईचं काम नाही, हे त्यांनी मांडलं. माझ्या आजीने ते कुठे वाचलं नव्हतं. तिला ते वेगळ्या वाटेने कळलं होतं.

मी नोकरीला लागले तेव्हा पुण्यात पाळणाघर म्हणजे कुणाचा तरी तळमजल्यावरचा फ्लॅट आणि एक काकू. सतरंज्या, वरणभात, दुपारी पडदे ओढलेले. माझा मुलगा ज्या पहिल्या घरी होता, तिथे तो संध्याकाळी फार शांत असायचा. मला वाटलं, रुळला. एकदा दुपारी ऑफिसातून लवकर सुटून गेले, तर बेल वाजवून दार उघडायला बराच वेळ लागला. आत सहा मुलं एका ओळीत पालथी निजवलेली, आणि एक बाई हातात फूटपट्टी घेऊन बसलेली. कुणाला लागलेलं नव्हतं. मी मुलाला उचललं आणि परत नेलं नाही.

2016च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला मारहाण होतानाचं सीसीटीव्हीचं चित्रण सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर कॅमेरा हा सगळ्या आईबापांचा पहिला प्रश्न झाला. कॅमेरा हवाच. पण त्या बाळाला मारहाण होत होती तेव्हाही कॅमेरा चालूच होता. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याचा हक्क मिळाला. ते 'चार वेळा' वाचताना मला आजीची जेवणाची सुट्टी आठवली.

गेल्या महिन्यात सुनेबरोबर मी नातीसाठी कोथरूडमधली पाळणाघरं बघितली. एका ठिकाणी भिंतीवर सुंदर चित्रं होती, फोनवर चित्रण दिसत होतं, पण "आधी वेळ घेऊन या, मुलं डिस्टर्ब होतात" असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी आम्ही न सांगता तीन वाजता गेलो. फाटकाची कडी वर, मुलांच्या हाताला न लागेल अशी. दार पुढे ओढलेलं, पण कडी नव्हती. आत एक मूल मोठ्याने रडत होतं. एक ताई त्याला कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या होत्या, रस्त्यावरची भाजीची गाडी दाखवत, आणि आम्हाला म्हणाल्या, "बसा, याचं झालं की बोलते."

मी कोपऱ्यातल्या झोपलेल्या मुलापाशी गेले आणि विचारलं, "हा कधीपासून झोपलाय?"

"दीडला झोपला. आता उठेलच, साडेतीनला त्याचं दूध असतं," त्या म्हणाल्या, घड्याळाकडे न बघता.

सुनेने तिथेच फॉर्म भरला.