हळदीतला कुठला हायड्रोजन?

आजचा भाग तळोज्यातल्या आमच्या घरातून, आणि निमित्त आहे माझी आत्या. तिची केमो चालू आहे. गेल्या महिन्यात कुणीतरी तिला कुरकुमीनच्या कॅप्सूल आणून दिल्या. डबीवर मोठ्या अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट'. आत्या म्हणाली, "एवढं पॉडकास्ट करतोस ना, मग हे काय ते सांग बघू." मला सांगता येईना. मग वाचत बसलो.

कुरकुमीन म्हणजे हळदीचा पिवळा रंग. १८१५ साली फोगेल आणि पेलेतिए यांनी तो हळदीतून वेगळा काढला. रेणूची रचना कळायला मात्र १९१० उजाडलं. चष्मा डोळ्यांसमोर आणा. दोन काचा म्हणजे कार्बनची दोन कडी, मधे सात कार्बनची दांडी. प्रत्येक कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटलेली. असं कडं म्हणजे फिनॉल.

आता फ्री रॅडिकल. याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो, म्हणून तो पेशीच्या आवरणातल्या चरबीचा हायड्रोजन ओढतो. ज्याचा ओढला तो नवा रॅडिकल होतो, तो पुढच्याचा ओढतो... साखळीच लागते. अँटिऑक्सिडंट मधे पडून स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो. फिनॉलला ते परवडतं, कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन अख्ख्या कड्यावर पसरतो आणि शांत बसतो.

मग कुरकुमीन कुठला हायड्रोजन देतं? सोपं वाटतं ना? पण यावर चांगलीच जुंपली होती. १९९९ मध्ये एका गटाने दावा केला की तो दांडीच्या मधोमधचा. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या बार्कले यांच्या गटाने म्हटलं, छे, फिनॉलचाच.

इथे आपल्या खाडीपलीकडचं ट्रॉम्बे येतं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या के. इंदिरा प्रियदर्शिनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक युक्ती छापली, आणि मला ती फार आवडली. त्यांनी कुरकुमीनचा जुळा भाऊ घेतला, डायमिथॉक्सी कुरकुमीन. दांडी तीच, फक्त फिनॉलच्या दोन्ही हायड्रोजनच्या जागी मिथाइल गट, म्हणजे तोंडाला कुलूप. काम दांडीचं असेल तर दोघं सारखेच चालायला हवेत. उंदराच्या यकृतातल्या पेशीपटलांवर चाचणी झाली. चरबी खराब होणं कुरकुमीनने ८२ टक्के रोखलं, जुळ्या भावाने २४. म्हणजे खरं काम फिनॉलचं.

तरी दांडी अगदीच फुकट नाही हं. २००४ मध्ये लिट्विनिएन्को आणि इनगोल्ड यांनी दाखवलं की द्रावक बदलला की वाट बदलते. अल्कोहोलमध्ये दांडीकडचा प्रोटॉन आधी सुटतो आणि मग इलेक्ट्रॉन दिला जातो. थोडं आम्ल घाला, ती वाट बंद, फिनॉल पुढे. भांडणाऱ्या दोघांच्याही हातात थोडं थोडं खरं होतं.

हे सगळं आत्याला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे घेऊ की नको?" तेव्हा माझी बोलती बंद झाली, कारण ते ८२ टक्के परीक्षानळीतले. गिळलेलं कुरकुमीन आतड्यातून रक्तात फारच थोडं पोचतं. शिवाय केमोची काही औषधं रॅडिकल तयार करूनच गाठीच्या पेशी मारतात, तिथे अँटिऑक्सिडंट मधे पडावा का, हा प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडलेला आहे. आम्ही डबी घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, केमो संपेपर्यंत कॅप्सूल बंद, वरणातली हळद चालेल.

डबी आता फ्रिजवर आहे, आणि आत्याने वरणात हळद जरा जास्तच घालायला सुरुवात केली आहे.