एका खोलीचा जमाखर्च

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक संप, संघटना आणि पुढारी यांच्याविषयी भरभरून लिहितात. परंतु गाव सोडून आलेले अस्पृश्य कुटुंब पहिला महिना काय खाऊन जगले, हा प्रश्न त्यांना पडत नाही. मला तो संपाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ साली निघाला. मिळकतीतला निम्म्याहून अधिक पैसा पोटावर जातो, ४७ टक्के कुटुंबे कर्जात आहेत आणि रुपयाला दरमहा एक आणा हा व्याजाचा रूढ दर आहे, असे त्यात नोंदले आहे. रुपयाला आणा म्हणजे वर्षाला ७५ टक्के!

कर्जाचा विषय निघाला की लग्ने, जत्रा आणि दारू यांची यादी वाचली जाते. ही यादी वाचणाऱ्यांनी पगाराची तारीख पाहावी. गिरणीचा पगार महिन्याचा आणि तोही पुढचा महिना निम्मा होत आला की हाती पडायचा. एक तारखेला लागलेल्या माणसाला पहिला पैसा सुमारे सहा आठवड्यांनी दिसे. तोवर दाणे वाण्याकडून उधार, भाडे अंगावर. शिवाय कामावर घेणे-काढणे मुकादमाच्या हाती, म्हणून त्याची दस्तुरी वेगळी. बदलीवाल्याने तर रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. काम मिळाले तर मिळाले. अशा घराने कर्जाशिवाय जगायचे कसे? ते कर्ज पगाराच्या पद्धतीतच होते.

इथवरची कथा सगळ्याच कामगारांची. आपली पुढे सुरू होते.

विणाई खात्यात मजुरी चांगली आणि तेच खाते अस्पृश्यांना बंद. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे; महाराच्या थुंकीने इतरांना विटाळ होईल, हे कारण. विटाळाचा हिशेब असा थेट रुपयांत होत होता. शिरासच्या कोष्टकात अन्न, कपडा, भाडे, सरपण यांना रकाने आहेत. जातीमुळे जी मजुरी घरात आलीच नाही, तिला रकाना नाही. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली आणि पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच मागण्यांत घेतली. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढेही त्यांनी हा प्रश्न मांडला. वर्गएकतेची भाषा करणाऱ्यांना या दोन तारखा अजून अडचणीच्या वाटतात.

तरीही माणसे येत राहिली. गावात महाराचे उत्पन्न म्हणजे बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर. तिचा हिशेब मांडायची सोयच नव्हती. कमी असला तरी गिरणीचा पगार रोख होता, आणि तो घेताना ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागत नव्हते. गाव मात्र सुटत नव्हते. वतनाची पाळी आली की घरातल्या कुणाला तरी परत जावे लागे आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडे. कायद्याने हे वतन गेले ते १९५८ साली.

या सगळ्याची तोंडमिळवणी बायकांनी केली. माझी पणजी नायगावच्या एका खोलीत नवऱ्याबरोबर गावाकडच्या चार जणांचा डबा रांधत असे. त्यांनी दिलेल्या पैशांतून भाडे निघे. तिला अक्षरओळख नव्हती. भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ती कुणाचे किती आले ते लक्षात ठेवी. असल्या कमाईला अहवालात नाव काय? बहुधा ‘इतर’.

बी.डी.डी. चाळी आता पाडल्या जात आहेत. घरे हलवताना जुन्या ट्रंका भंगारात जातात. त्यांत मनीऑर्डरच्या पावत्या असतात, वाण्याच्या वह्या असतात, सावकाराच्या चिठ्ठ्या असतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना त्या मागून आणायला सांगितले आहे. इतर ठिकाणच्या प्राध्यापक मित्रांनीही या दिवाळीच्या सुट्टीत हे काम हाती घ्यावे.