अनुस्फुरी आयनशोधक

अनुस्फुरी आयनशोधक : द्रावणातील ठरावीक आयनाशी गाठ पडताच चमकणारे, विझणारे किंवा प्रकाशाचा रंग बदलणारे रेणू. अतिनील प्रकाश शोषून लगेच दृश्य प्रकाश बाहेर टाकणे म्हणजे अनुस्फुरण, अर्थात फ्लुओरेसन्स.

खोट्या नोटा तपासण्याच्या दिव्याखाली टॉनिक वॉटर धरले की त्यातले क्विनाइन निळसर चमकते. चिमूटभर मीठ घातले की मंदावते. क्विनाइनने घेतलेली ऊर्जा उजेड पडण्याआधीच क्लोराइडच्या धडकेत खर्ची पडते. पण ब्रोमाइड, आयोडाइडही हेच करतात, आणि अधिक जोराने. तेव्हा चमक कमी झाली म्हणून पाण्यात मीठच होते, असे म्हणता येत नाही.

नेमका एकच आयन ओळखणे ही शोधक घडवणाऱ्याची खरी कसोटी. पेशीत मॅग्नेशियम मुक्त कॅल्शियमच्या हजारो पट असते. त्यातून कॅल्शियमच पकडणारा बाप्टा हा रेणू रॉजर त्सिएन यांनी १९८० मध्ये मांडला. ईजीटीए या जुन्या रेणूच्या साखळीत बेंझिनची कडी बसवल्याने आम्लतेचा उपद्रव घटला आणि निवड टिकली. १९८५ च्या फ्युरा-२ या रंगद्रव्यावर ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकतात. दोन्ही वेळच्या चमकेचे गुणोत्तर घेतले की रंगद्रव्य थोडे कमी-जास्त भरले तरी फारसे बिघडत नाही.

श्रीलंकेच्या प्रसन्ना आणि सलिया डी सिल्वा यांनी १९८६ मध्ये अँथ्रासीनला क्राउन ईथरची कडी जोडली. त्यातल्या नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन अँथ्रासीनकडे झेपावतो, तोवर अंधार. सोडियम किंवा पोटॅशियम कडीत बसला की उजेड.

विदर्भाला हवा आहे तो फ्लोराइडचा शोधक. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड ही जुनी डोकेदुखी आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरे पाणीच नसेल तर १.५. फ्लोराइडने सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडला की चमकदार कुमारिन तयार होते, ही युक्ती किम आणि स्वॅगर यांनी २००३ मध्ये दाखवली. युक्ती देखणी, पण असे बरेच शोधक सेंद्रिय द्रावकातच रंगतात. पाण्यात फ्लोराइडभोवती पाण्याच्या रेणूंचे घट्ट कडे असते; ते सोडून तो सहजी येत नाही. शिवाय विदर्भातल्या बेसॉल्टमधले पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सोबत आणते. त्यामुळे फ्लोराइडच्या नेहमीच्या तपासणीत भरवसा अजूनही इलेक्ट्रोडवर, नाहीतर झिर्कोनियम-स्पॅडन्स या रंगद्रव्याच्या लाल रंगावर असतो. फ्लोराइड जितके जास्त, तितका तो फिका पडतो.