स्टेशनच्या पाट्यांवरचं इंग्रजी

दहावीच्या इंग्रजी तृतीय भाषेच्या कृतिपत्रिकेत, सुरुवातीच्या भाषाभ्यासाच्या प्रश्नात, एक छोटी कृती येते. दिलेल्या शब्दातली अक्षरं वापरून किमान तीन अक्षरांचे चार शब्द तयार करा. गुण दोन. मूळ शब्दात एखादं अक्षर जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा ते घ्यायचं. 2018 साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि ही कृती परीक्षेत दिसू लागली. आमच्या कर्जत-खालापूरच्या फळ्यांवर मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

मी खोपोलीकडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून ते 2000 साली आलं. वर्गात वाड्यांवरची कातकरी, ठाकर मुलं असत. घरी त्यांची बोली, शाळेत मराठी, त्यात ही तिसरी भाषा. शब्दकोश कुणाच्या घरी असणार? पण स्टेशनची पिवळी पाटी प्रत्येकाने पाहिलेली होती. मराठी, हिंदी, इंग्रजी, एकाच नावाची तीन रूपं. म्हणून मी पाटीवरची नावंच फळ्यावर लिहायचो.

पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली ही आमची कर्जतपुढची लाइन. केळवलीतून 'लेक', 'लीक', 'लाइक' निघतात, आणि नीट पाहिलं तर 'अलाइव्ह'. डोलवलीतून 'व्हॅलिड' आणि 'अव्हॉइड'. पळसदरीतून 'सॅलड' आणि 'स्पायरल'. माथेरान तर खजिनाच: 'हार्ट', 'अर्थ', 'अँथेम', शिवाय इंग्रजीने आपल्याकडून नेलेला 'मंत्र'. आणि नेरळ! एन, ई, आर, ए, एल ही पाचही अक्षरं फिरवून लावली की 'लर्न' होतं. एकही उरत नाही. हे पहिल्यांदा केळवलीहून येणाऱ्या एका मुलीने शोधलं. त्या दिवशी वर्गात झालेला आनंद मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण तिला उत्तर कुणी सांगितलं नव्हतं.

यात मुलं शिकत होती ते स्वर ओळखायला. देवनागरीत 'कर्जत' लिहिताना 'अ' वेगळा दिसत नाही, तो व्यंजनाच्या पोटात असतो. इंग्रजी पाटीवर मात्र दोन 'ए' उघड उभे असतात, आणि उचलून दुसरीकडे नेता येतात. बाराखडीवर वाढलेल्या मुलाला हे सुटं अक्षर हाताळायची सवय नसते. पाठांतराने ती येत नाही. अक्षरं इकडची तिकडे करूनच येते.

हा छंद इंग्रजीत जुना आहे. एका शब्दाचं एकेक अक्षर बदलत दुसऱ्या शब्दापर्यंत जायचं, असा खेळ लुईस कॅरॉलने 1879 साली 'व्हॅनिटी फेअर'मध्ये चालवला. आर्थर विनचं पहिलं शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो आल्फ्रेड बट्स. जागतिक मंदीत काम गेलेल्या या वास्तुविशारदाने वर्तमानपत्रांची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं, आणि त्यावरून बेतलेला खेळ 1948 पासून 'स्क्रॅबल' नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातल्या शंभर सोंगट्यांपैकी बारा 'ई'च्या आहेत. 'जे' आणि 'के' यांची प्रत्येकी एकच. आमच्या मुलांना हा हिशेब पाट्यांवरूनच कळला होता. 'ई' असलेलं नेरळ भरभरून देतं. 'जे' आणि 'के' दोन्ही बाळगणारं कर्जत 'जार', 'आर्ट', 'राजा', 'अजार' देऊन लवकर थकतं.

खोपोलीपर्यंत रेल्वे 1856 साली आली. बोरघाट चढून गाडी पुढे जायला 1863 उजाडलं. त्या काळच्या इंग्रजी लेखनात खोपोलीचं नाव 'कॅम्पूली' असं, सी आणि एम घालून, शेवटी 'आय-ई' लावून लिहिलेलं सापडतं. एकदा नववीच्या वर्गाला मी ते जुनं स्पेलिंग दिलं. मुलांनी त्यातून 'कॅम्प', 'प्लेस' आणि चक्क 'पोलीस' काढला. आजच्या स्पेलिंगातून 'लुक', 'पूल', 'हूक', 'पोलो' निघतात. साहेबाने आपल्या कानाने आपलं गाव कसं ऐकलं, ते मुलांना इतिहासाच्या धड्याशिवाय समजलं.

आता या कृतीची तयार उत्तरं गाइडमध्ये मिळतात. मुलं चार शब्द पाठ करतात, दोन गुण घेतात. मला हे मनापासून खटकतं. शोधण्याची गोष्ट पाठ करून घेणं म्हणजे तिचा जीवच काढून घेणं आहे. कर्जत-खालापूरच्या माझ्या शिक्षक मित्रांना एवढीच विनंती आहे. परीक्षेतला शब्द देण्याआधी मुलाला त्याच्या गावाचं नाव इंग्रजीत फळ्यावर लिहू द्या, आणि पहिला शब्द तुम्ही सांगू नका.